दुसरा विमानतळ कोणाचा?

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि एकाहून अधिक विमानतळ असलेल्या महानगरांच्या पंक्तीत मुंबईही जाऊन बसली. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, पॅरिस, शांघाय, साओ पावलो, इस्तंबूल ही शहरे त्या पंक्तीत आधीपासून आहेत. आपल्याकडे या घटनेचे स्वागत मुख्यतः क्षमतेच्या हिशेबाने झाले. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी, सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ९ कोटी, ११६० हेक्टर जमीन आणि दोन समांतर धावपट्ट्या असे आकडे सर्वांच्या तोंडी होते. हे आकडे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु अशा शहरांचा इतिहास वाचताना मला सतत जाणवत आले आहे की दुसऱ्या विमानतळाचे भवितव्य क्षमतेवर फारसे ठरत नाही. तो विमानतळ कोणासाठी बांधला गेला, जुन्या विमानतळावरची गर्दी कुठेतरी नेऊन टाकण्यासाठी की त्या बाजूला राहणाऱ्या माणसांसाठी, यावर ते अधिक ठरते. या प्रश्नाकडे ज्यांनी नीट पाहिले त्यांचे विमानतळ भरभराटीला आले; ज्यांनी पाहिले नाही त्यांचे ओस पडले, आणि एका शहराला तर आपले नवे टर्मिनल पाडून टाकावे लागले.

मी डोंबिवलीत वाढले. परदेशी जाणाऱ्या नातेवाइकाला सहारला सोडायला जाणे हा आमच्या घरचा मोठा कार्यक्रम असे. विमान मध्यरात्रीनंतरचे असले तरी आम्ही संध्याकाळीच निघत असू, कारण शिळफाटा, मुंब्रा, ठाणे आणि मग पवई या वाटेवर कुठे किती वेळ जाईल याची खात्री कोणालाच देता येत नसे. विमानतळ मुंबईचा होता आणि आम्हीही स्वतःला मुंबईकरच म्हणवत होतो, तरी तो आमच्या बाजूचा नव्हता. कल्याण, अंबरनाथ, कर्जत, पनवेल, अलिबाग इथल्या लाखो माणसांची हीच स्थिती होती. महानगर पूर्वेला आणि दक्षिणेला पसरत गेले. विमानतळ मात्र पश्चिम उपनगरांच्या मधोमध होता तिथेच राहिला.

तसे पाहिले तर मुंबईने विमानतळाची जागा पूर्वीही बदललेली आहे. जुहूचा विमानतळ १९२८ पासूनचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात जुहूच्या त्या मैदानात पाणी साचे, म्हणून टाटांची ती चिमुकली हवाई सेवा पावसाळ्यापुरती पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावी लागे. दोन विमानतळांचा मुंबई प्रदेश ही कल्पना, ऋतुमानापुरती का होईना, नव्वद वर्षांपूर्वीच अमलात आलेली होती! दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझचा लष्करी तळ वापरात आला, १९४८ मध्ये नागरी वाहतूक तिथे गेली आणि जुहू लहान विमाने व पुढे हेलिकॉप्टर यांच्यापुरता उरला. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच उपयोग करता येतो. २०२४-२५ या वर्षात साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांची ये-जा ज्या विमानतळावरून झाली, त्याचा कारभार व्यवहारात एका धावपट्टीवर चालतो. चारी बाजूंना इमारती आणि वस्त्या असल्यामुळे समांतर धावपट्टीला जागाच नाही. दुसरा विमानतळ हवा होता याविषयी म्हणूनच वाद नाही. प्रश्न आहे तो पुढच्या पावलाचा, आणि ते पाऊल चुकले तर काय होते हे माँट्रियलच्या उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस माँट्रियल हे कॅनडाचे सर्वांत मोठे शहर होते. १९६७ चे जागतिक प्रदर्शन तिथे नुकतेच होऊन गेले होते, १९७६ चे ऑलिम्पिक येऊ घातले होते आणि अटलांटिक ओलांडून येणाऱ्या विमानांचा ते कॅनडातला मोठा थांबा होते. दोरव्हालचा जुना विमानतळ लवकरच अपुरा पडेल असा अंदाज होता. १९६९ मध्ये कॅनडाच्या संघ सरकारने शहराच्या वायव्येस, सांत-स्कोलास्तिक या शेतीच्या परिसरात, नव्या विमानतळाची जागा जाहीर केली आणि सुमारे ९७ हजार एकर, म्हणजे जवळपास ३९० चौरस किलोमीटर जमीन सक्तीने घेतली. बृहन्मुंबईच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून अधिक भरेल एवढी ती जमीन होती, आणि तिथून पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या कुटुंबांसह हजारो माणसांना उठावे लागले. क्वेबेक प्रांताच्या सरकारला विमानतळ शहराच्या पूर्वेकडे, द्रमंडव्हिलच्या बाजूला हवा होता. संघ सरकारने वायव्य दिशा धरली, कारण तिथून राजधानी ओटावाचीही सोय होईल असा त्यांचा विचार होता. दोन शहरांना पुरेल म्हणून निवडलेली ती जागा प्रत्यक्षात दोन्ही शहरांना दूर पडली.

१९७५ च्या ऑक्टोबरमध्ये मिराबेल विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्यानंतर जे केले गेले ते मला सर्वांत मोठे चुकीचे पाऊल वाटते. समुद्रापलीकडची आंतरराष्ट्रीय विमाने मिराबेललाच उतरली पाहिजेत असा सरकारी नियम झाला, आणि देशांतर्गत व अमेरिकेची विमाने दोरव्हालला राहिली. पॅरिसहून येऊन हॅलिफॅक्सला जाणाऱ्या माणसाला मिराबेलला उतरून बसने दोरव्हाल गाठावे लागे. मिराबेलला जोडणारी वेगवान रेल्वे आखलेली होती, ती झाली नाही. शहरातून निघणारा तेरा क्रमांकाचा महामार्ग विमानतळापर्यंत पोहोचलाच नाही. दरम्यान विमानांचा पल्ला वाढला, युरोपातून येणाऱ्या विमानाला माँट्रियलमध्ये थांबण्याची गरज उरली नाही, आणि एकाच छपराखाली विमान बदलण्याची सोय देणारे टोरोंटो प्रवाशांना व कंपन्यांना अधिक सोयीचे वाटू लागले. क्वेबेकमधील राजकीय अस्थिरतेमुळे त्या वर्षांत व्यापार आणि भांडवलही टोरोंटोकडे सरकत होते, हे लक्षात घेतले पाहिजे. माँट्रियलच्या पीछेहाटीचा सगळा दोष एका विमानतळावर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही शहराची हवाई वाहतूक दोन अपुऱ्या भागांत चिरली गेली आणि त्यातला कोणताही भाग स्वतःच्या बळावर उभा राहू शकला नाही, हे खरेच.

१९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानांना दोरव्हालला परतण्याची मोकळीक मिळाली आणि ती झपाट्याने परतली. ३१ ऑक्टोबर २००४ रोजी मिराबेलवरून शेवटचे प्रवासी विमान निघाले. २०१४ मध्ये टर्मिनलची इमारत पाडायला सुरुवात झाली. आज तिथे मालवाहतूक चालते आणि विमाने बांधण्याचे कारखाने आहेत, म्हणजे ती जागा अगदी वाया गेली असे नाही. पण घेतलेल्या जमिनीपैकी फारच थोडी विमानतळाला लागली, आणि १९८० च्या दशकात उरलेल्या जमिनीचा मोठा भाग पुन्हा शेतकऱ्यांना विकण्यात आला. ज्या शेतकऱ्याने स्वतःच्याच शेतात काही वर्षे सरकारचा भाडेकरू म्हणून काढली आणि मग तेच शेत पुन्हा विकत घेतले, त्याच्याविषयी वाचताना मला नवी मुंबईसाठी जमिनी द्याव्या लागलेल्या उरण-पनवेलची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

टोकियोची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे विमानतळ चालला. पण त्याची किंमत फार मोठी होती. हानेदा शहराच्या अगदी जवळ, खाडीच्या काठी आहे. तो अपुरा पडणार म्हणून सरकारने १९६६ मध्ये टोकियोपासून सुमारे ६० किलोमीटरवर, चिबा प्रांतातल्या नारिता इथल्या सान्रिझुका भागाची निवड केली. राजघराण्याचे कुरण तिथे असल्यामुळे जमीन सहज मिळेल असे वाटले होते. परंतु आजूबाजूला युद्धानंतर मांचुरियातून परत आलेल्या आणि माळरान मोडून शेती उभी केलेल्या कुटुंबांची गावे होती. त्यांना विश्वासात न घेता निर्णय जाहीर झाला. शेतकरी उभे राहिले, विद्यार्थी संघटना त्यांच्या मदतीला आल्या, आणि पुढची बारा वर्षे संघर्ष चालला, ज्यात पोलीस आणि आंदोलक दोन्ही बाजूंची माणसे मेली. मार्च १९७८ मध्ये, विमानतळ उघडायला काही दिवस उरले असताना, आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात शिरून यंत्रसामग्री फोडली. अखेर २० मे १९७८ रोजी एका धावपट्टीवर नारिता सुरू झाला. दुसरी धावपट्टी वापरात यायला २००२ साल उजाडले, तीही ठरल्यापेक्षा आखूड होती. मधल्या शेताच्या मालकाने जमीन सोडली नाही म्हणून विमाने धावपट्टीकडे नेण्याचा जमिनीवरचा मार्ग कित्येक वर्षे वाकवून न्यावा लागला. १९९० च्या दशकात सरकार शेतकऱ्यांसह गोलमेज चर्चेला बसले आणि सक्तीच्या भूसंपादनाचा मार्ग सोडण्यात आला. हे १९६६ मध्ये झाले असते तर काय वाचले असते, याचा विचार करताना मन विषण्ण होते.

वाटणीच्या बाबतीत टोकियोनेही माँट्रियलसारखाच नियम केला होता: आंतरराष्ट्रीय ते नारिता, देशांतर्गत ते हानेदा. तो तीस वर्षे टिकला, कारण टोकियोला पर्याय नव्हता. साडेतीन कोटी लोकवस्तीचा प्रदेश आणि त्याचे व्यापारी वजन यांच्यामुळे विमानकंपन्या कुठेही उतरवल्या तरी आल्या असत्या. पण जपानच्या लहान शहरांतून परदेशी जाणारे प्रवासी हळूहळू सोलजवळच्या इंचॉनमार्गे जाऊ लागले, कारण तिथे विमान बदलणे टोकियोत दोन विमानतळांमधला प्रवास करण्यापेक्षा सोपे होते. २०१० मध्ये हानेदाची चौथी धावपट्टी आणि नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले आणि नियम व्यवहारात मोडला. त्यानंतर नारिताने स्वतःचे स्थान शोधले. स्वस्त विमानसेवा आणि मालवाहतूक यांचा तो मोठा तळ झाला. दोन्ही विमानतळ आज जोरात चालतात. ते चालतात याचे मोठे श्रेय मी रेल्वेला देते, कारण १९९१ पासून नारिताहून टोकियोच्या मध्यापर्यंत थेट वेगवान गाड्या आहेत. ६० किलोमीटरचे अंतर आगगाडीने वेळेवर कापता येत असेल तर माणसे ते सहन करतात. रस्त्यावरच्या अनिश्चित ३५ किलोमीटरला मात्र ती कंटाळतात.

ओसाकाबद्दल थोडक्यात सांगते. इतामी विमानतळाच्या आवाजाने त्रासलेल्या रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली, त्या असंतोषातून समुद्रात कृत्रिम बेट घालून १९९४ मध्ये कान्साई विमानतळ उभा राहिला, आणि तो उभा राहत असताना त्याच इतामीच्या आसपासच्या नगरपालिकांनी आपला जुना विमानतळ बंद करू नये असा आग्रह धरला. रोजगार, दुकाने, हॉटेले, सवय, सगळेच त्याच्याभोवती वाढलेले होते. इतामी राहिला, २००६ मध्ये कोबेचीही भर पडली, आणि तिन्ही विमानतळ नंतर एकाच कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आले.

लंडनमध्ये या एकाच मालकीच्या प्रश्नावर फार गंभीर चर्चा झाली. हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड हे तिन्ही मोठे विमानतळ एका सरकारी संस्थेकडे होते आणि १९८७ मध्ये ते तसेच एकत्र खासगी झाले. बावीस वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने निर्णय दिला की एका शहराचे सर्व मोठे विमानतळ एकाच मालकाकडे असल्यामुळे प्रवाशांचे नुकसान होते, आणि गॅटविक व स्टॅनस्टेड विकण्याचा आदेश दिला. गॅटविक त्याच वर्षी आणि स्टॅनस्टेड २०१३ मध्ये दुसऱ्या मालकांकडे गेला. गॅटविक त्यानंतर एका धावपट्टीवर वर्षाला चार कोटींहून अधिक प्रवासी हाताळू लागला. लंडनचा माणूस आज विमानतळ निवडताना आपले घर कोणत्या दिशेला आहे आणि कोणती आगगाडी कुठून सुटते हे आधी पाहतो. दक्षिणेचा माणूस गॅटविककडे झुकतो, ईशान्येचा स्टॅनस्टेडकडे, पश्चिमेला साउथॉल-हाउन्स्लो भागात राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना हीथ्रो अंगणातच आहे. लंडनची व्यवस्था निर्दोष नाही. तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवण्यासाठी १९६८ मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने सुचवलेली जागा सरकारने नाकारली आणि स्वतः निवडलेली समुद्रकाठची जागाही १९७४ मध्ये सोडून दिली. पण कोणत्या विमानाने कुठे उतरावे याचा निर्णय तिथे हळूहळू प्रवाशांच्या हातात आला.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले अभ्यासक रिचर्ड द न्यूफव्हिल यांनी अशा बहुविमानतळी शहरांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे आहे की जिथे विमाने जास्त तिथे प्रवासी जातात आणि जिथे प्रवासी जास्त तिथे विमानकंपन्या जातात, त्यामुळे वाहतूक आपोआप मुख्य विमानतळावर एकवटते आणि दुसरा विमानतळ नियोजकांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी उशिरा भरतो. वॉशिंग्टनचा डलस विमानतळ १९६२ मध्ये उघडला आणि पुढची दोन दशके बराचसा रिकामा राहिला. पहिला विमानतळ खरोखर तुडुंब भरावा लागतो, किंवा एखाद्या विमानकंपनीने दुसऱ्याला आपले घर मानावे लागते. पहिली अट मुंबई नक्कीच पूर्ण करते.

आपल्याजवळच एक उदाहरण आहे, त्याकडे आपण पुरेसे पाहत नाही असे मला वाटते. गोवा हे महानगर नव्हे, पण दोन विमानतळांचा प्रदेश मुंबईच्या आधी तोच झाला. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत १९५५ मध्ये सुरू झाला, डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय विमानांनी त्याच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, आणि मुक्तीनंतर तो नौदलाकडे गेला. आजही तो आधी नौदलाचा तळ आहे आणि नागरी वाहतूक तिथे पाहुणी आहे. आठवड्यातले बरेच दिवस सकाळचे काही तास वैमानिकांच्या सरावासाठी राखलेले असतात. पेडणे तालुक्यातल्या मोपाचा विमानतळ अनेक वर्षांच्या वादानंतर झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती, ती २०२० मध्ये उठली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरू लागली.

मोपाला दक्षिण गोव्यातून झालेला विरोध समजून घेण्यासाठी नकाशा पाहणे पुरेसे आहे. मडगावच्या माणसाला दाबोळी जवळ आहे. मोपा गाठायला त्याला झुवारी, मांडवी आणि कोलवाळची नदी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. दाबोळी बंद पडेल ही सासष्टीच्या टॅक्सीवाल्याची आणि हॉटेलवाल्याची भीती काल्पनिक नव्हती. दोन्ही विमानतळ चालू राहतील असे सरकारने वेळोवेळी सांगितले. तरी जून २०२४ मध्ये कतार एअरवेजने आपले विमान दाबोळीहून मोपाला नेले, आणि परदेशी वाहतुकीचा ओघ त्या दिशेने वळला. या ठिकाणी हुकूम कोणी दिलेला नाही. नव्या विमानतळाला दिवसभर मोकळीक आहे आणि जुन्याला नाही, एवढे कारण कंपन्यांना पुरले. माझ्या मते इथे राज्याने स्वस्थ बसून चालणार नाही. दक्षिण गोव्याला निदान देशांतर्गत विमानांची खात्रीची संख्या हवी असेल, तर ती नौदलाशी बोलून सकाळचे तास वाढवून मिळवावी लागेल. नुसत्या आश्वासनाने कोणतीही कंपनी थांबत नाही.

मोपाची दुसरी बाजूही आहे आणि ती आनंदाची आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले इथल्या माणसांना मोपा हा आपलाच विमानतळ झाला. राज्याची सीमा मधे आहे, पण गणपतीला मुंबईहून किंवा दुबईहून येणाऱ्या माणसाला सीमेशी काय देणेघेणे? मात्र सिंधुदुर्गाचा स्वतःचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला होता, आणि जवळच मोपा उभा राहिल्यावर चिपीवरची विमाने विरळ होत गेली. परुळे-चिपीच्या ज्या लोकांनी जमिनी दिल्या त्यांना हे कोणी आधी सांगितले होते का? तळकोकणात दोन विमानतळ एकाच वेळी आखले जात होते. एक महाराष्ट्राच्या फायलीत, दुसरा गोव्याच्या फायलीत. दोन्ही फायली एका टेबलावर ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

नवी मुंबईकडे परत येताना मला आधी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा ही नावे घ्यावीशी वाटतात. विमानतळासाठी अशी दहा गावे हलली. उलव्याची टेकडी फोडून सपाट केली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खाजण आणि मिठागरे भराव टाकून बुजवली गेली. तिथल्या आगरी-कोळी समाजाला हे नवे नव्हते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हापासून नवी मुंबईच्या ९५ गावांनी जमीन देण्याचा अनुभव घेतला आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. विमानतळाला दिबांचे नाव द्यावे ही मागणी तिथल्या माणसांनी इतक्या जिव्हाळ्याने का लावून धरली आणि विधिमंडळाने तसा ठराव का केला, हे या इतिहासाशिवाय कळणार नाही. मिराबेल आणि नारिता यांच्याशी तुलना करता आपल्याकडे जमीन देणाऱ्याला त्या जागेच्या वाढत्या मोलात वाटा मिळाला, हे मी मोठे पाऊल मानते. तो वाटा सर्वांना वेळेवर मिळाला का, हा प्रश्न प्रत्येक गावात वेगळे उत्तर देतो.

आता वाटणीचे काय? मुंबईचे दोन्ही विमानतळ एकाच उद्योगसमूहाकडे आहेत. नवी मुंबईत त्याचे ७४ टक्के आणि सिडकोचे २६ टक्के भागभांडवल आहे. लंडनला बावीस वर्षांनी जे चुकीचे वाटले, तिथून आपण सुरुवात करत आहोत. सांताक्रूझचे जुने टर्मिनल पाडून नवे बांधण्याची योजना आहे आणि तेव्हा तिथली काही विमाने नवी मुंबईला न्यावी लागतील. ती कोणती न्यायची हे ठरवताना मालकाची सोय पाहिली जाईल की प्रवाशाची, यावर नियामकाने बारकाईने लक्ष ठेवले पाहिजे. एखादा मार्ग संपूर्णपणे एका विमानतळावर ढकलला गेला, तर बोरिवलीच्या माणसाला पनवेल गाठावे लागेल, आणि आमच्या डोंबिवलीने इतकी वर्षे सोसले ते आता दुसऱ्याच्या वाट्याला जाईल.

या विमानतळाची खरी माणसे कोण आहेत हे मला महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड या बाजूला गेल्यावर कळते. कोकणातल्या त्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे कुवेत, सौदी, दुबई, बहारीनला कामाला गेली आहेत. गावागावांत आखाताच्या पैशाने बांधलेली घरे आहेत, आणि सुट्टी संपवून परत जाणारा माणूस मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलपर्यंत येऊन मग पुढे मुंबईच्या वाहतुकीत अडकत आला आहे. तो महामार्ग पनवेललाच सुरू होतो. नवी मुंबईहून आखाताची विमाने भरपूर आणि रास्त भाड्यात सुटली, तर या माणसाचा अर्धा दिवस वाचेल, आणि त्याला सोडायला येणाऱ्या घरच्यांचाही. याउलट सांताक्रूझला जागा न मिळालेली विमाने तिथे उतरवायची एवढाच हेतू राहिला, तर हा प्रवासी पुन्हा पनवेलवरून पुढे सहारलाच जाईल.

जमिनीवरच्या वाहतुकीची स्थिती मात्र चिंतेची आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्यामुळे दक्षिण मुंबई मोटारीने जवळ आली; पण तो टोलचा रस्ता आहे आणि त्यावर आगगाडी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ पूर्ण झाली, ती सांताक्रूझ-सहारच्या टर्मिनलांशी जोडलेली आहे. दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ ही विमानतळ सुरू झाला तेव्हा कागदावरच होती. बेलापूर-उरण रेल्वे विमानतळाच्या कडेने जाते आणि कल्याण-ठाण्याच्या माणसाला पनवेलपर्यंत आणणाऱ्या लोकल आहेत. पण सामान घेऊन उतरलेल्या कुटुंबाला स्थानकापासून टर्मिनलपर्यंत सहज नेणारी व्यवस्था रात्रीसुद्धा चालली पाहिजे. विमानतळावर काम करणारे हजारो सफाई कामगार, सामान उचलणारे आणि सुरक्षारक्षक पाळ्यांमध्ये येतात-जातात. ते अटल सेतूवरून मोटारीने येणार नाहीत.

याच वेळी पुण्यात तोच प्रश्न नव्याने उभा आहे. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, दाबोळीसारखाच. पुरंदर तालुक्यात पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांच्या जमिनीवर नवा विमानतळ प्रस्तावित आहे. अंजीर आणि सीताफळाच्या बागांचा तो मुलूख आहे. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे विरोध केला, प्रकल्पाचे क्षेत्र कमी झाले, अनेकांनी नंतर संमतीपत्रेही दिली. दरम्यान हिंजवडी किंवा तळेगावच्या माणसाला द्रुतगती मार्गाने नवी मुंबईचा विमानतळ गाठणे शक्य झाले आहे, आणि पश्चिम पुण्यातला काही प्रवासी तिकडे वळणारच. तेव्हा लोहगाव, पुरंदर आणि नवी मुंबई या तिघांची फाईल एका टेबलावर आली पाहिजे. पुरंदर झाल्यावर लोहगावची नागरी वाहतूक चालू राहणार की बंद होणार, आंतरराष्ट्रीय विमाने कुठे उतरणार, पुरंदरला आगगाडी जाणार की नाही आणि कधी, हे जमिनीचा ताबा घेण्याआधी लेखी सांगायला हवे. आणि ते विमानकंपन्यांना कळण्याच्या आधी पारगावच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला हवे.